अंगणात घर घेऊन आलेले पाहुणे

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. जेवणाची वेळ होत आली आहे आणि माइक माझ्या हातात आहे, म्हणजे तुमची पंचाईत.

सप्टेंबरात आम्ही दोघांनी इथे डेन्व्हरलाच 25 फुटी मोटरहोम, म्हणजे ओटा-पलंगासकट चाकांवरचं घर, भाड्याने घेतलं आणि तीन आठवडे कोलोराडो, युटा, अ‍ॅरिझोना फिरलो. डोंगर, वाळवंट बघायचं होतंच, पण मूळ बेत मित्रमंडळींना भेटायचा. साठी उलटल्यावर कुणाकडे राहायला जायचं म्हणजे संकोच वाटतो. त्यांची पाठदुखी, आमची पथ्यं, वर पहाटे चारला आमच्या ह्यांचा खोकला. आपलं घर आपल्याबरोबर असलं की कुणाला त्रास नाही, असा माझा हिशेब होता.

पहिल्याच दिवशी आयझेनहॉवर बोगदा, 11,000 फुटांच्या वर. पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत नुसता उतार. हे ब्रेकवर पाय दाबून बसले. जळका वास सुटला तेव्हा आठवलं, गिअर खाली घ्यायचा असतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे खडीचे चढे फाटे काढून ठेवलेत. खंडाळ्याचा घाट खालच्या गिअरवर सावकाश उतरवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचा विषय मी काढला. त्यानंतर लेडव्हिलपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

लेडव्हिल 10,000 फुटांवर. चकल्यांची पाकिटं फुगून टम्म झाली होती. रात्री वरण टाकलं. इतक्या उंचीवर हवा विरळ, पाणी जेमतेम 90 अंशांना उकळतं, त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ दोन तास नाचली, पण शिजायचं नाव नाही. कुकर मीच घरी ठेवला होता, ‘जागा कशाला अडवायची’ म्हणून. आम्ही पोळी आणि लोणचं खाल्लं.

ग्रँड जंक्शनला माझी कॉलेजची मैत्रीण असते. तिने दारातच सुनावलं, "घर असताना गाडीत झोपणार? काय भिकेला लागलीस का?" वरच्या खोलीत गाद्या घालून तयार होत्या. त्यात तिच्या ड्राइव्हवेला उतार. मोटरहोम समपातळीत उभं नसेल तर त्यातला गॅसवरचा फ्रिज नीट चालत नाही. चाकाखाली ठोकळे कमी पडले, तेव्हा तिच्या नवऱ्याने माळ्यावरून दोन पाट आणले. ती किंचाळलीच, "अहो, लग्नातले पाट आहेत ते!" शेवटी गॅरेजमधल्या फळ्या सापडल्या. झोपलो गाडीत, बाकी सगळं तिच्या घरात. निघताना तिने स्वतःचा कुकर माझ्या हातात कोंबला. म्हणजे कुणाला त्रास नको म्हणून निघालेली मी, पहिल्याच घरचा कुकर घेऊन पुढे गेले.

मैलापाण्याची टाकी कशी रिकामी करतात, हा विषय जेवणाआधी काढत नाही. हातमोजे दोन जोड न्या, एवढंच सांगते.

मोआबच्या लाल कमानी तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात, त्या सोडते. मॉन्युमेंट व्हॅली पाहून कायेंटाला राहिलो. हा नाव्हाहो लोकांचा मुलूख. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, उरलेल्या अ‍ॅरिझोनाची जात नाहीत. नाव्हाहोंच्या मधोमध होपी लोकांची जमीन आहे, तिथली पुन्हा जात नाहीत! पेज गावात, म्हणजे उरलेल्या अ‍ॅरिझोनाच्या घड्याळावर, आमच्या वाड्यातला एक मुलगा डॉक्टर आहे. मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा. त्याने बाराला जेवायला बोलावलं होतं. कायेंटाहून दहाला निघालो, शंभरेक मैल, बरोबर बाराला दारात. त्याच्या घड्याळात अकरा. स्वारी बनियनवर पुरण वाटत होती. "ताई, एक तास लवकर आलात!" म्हणाला आणि लाजून शर्ट शोधायला पळाला. मी पदर खोचून पोळ्या लाटायला बसले. पाहुणी म्हणून बाराला गेले असते तर टेबलाशी बसून नुसतं ‘छान झालंय’ म्हणाले असते. लाटता लाटता त्याच्या आईच्या, आमच्या काकूंच्या, किती गोष्टी निघाल्या!

पेजहून फ्लॅगस्टाफ, 7,000 फुटांवर पाइनच्या गारव्यात. तिथून आय-17 महामार्गाने खाली उतरताना पाइन विरळ होतात, मग झुडपं, मग हात वर केलेले सग्वारो निवडुंग. सकाळी स्वेटर, दुपारी फीनिक्सला एसी.

फीनिक्सच्या मित्राच्या कॉलनीचा नियम असा की मोटरहोम रात्री दारात उभं करायचं नाही. म्हणजे गाडी आरव्ही पार्कमध्ये, मोटरहोमच्या तळावर, आणि आम्ही मुकाट्याने त्याच्या पाहुण्यांच्या खोलीत. माझ्या हिशेबाचं काय झालं, ते तुम्हीच बघा. पण दुसऱ्या दिवशी गाडी तासभर दारात आणली, कारण त्याच्या आईला ‘ते फिरतं घर’ बघायचं होतं. आजी चौऱ्याऐंशीच्या. दोघांनी धरून वर चढवलं. ओटा पाहिला, पलंग दाबून पाहिला, टेबलाशी ऐसपैस बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "तू जा आत." तो गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "आता मी तुझ्याकडे पाहुणी. चहा टाक. आणि साखर दोन चमचे घाल, घरात देत नाहीत मेले."