दुधावरून वळू, गुणांवरून गुरुजी

(पहाट. गोठ्यातला पिवळा बल्ब. धारेचा आवाज. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

ही गाय दुसऱ्या वेताची. सकाळचं दूध मापात पडलं की आकडा वहीत चढतो. वहीत आकड्याशेजारी तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर असतो, आणि त्या नंबरावरून तिचा बाप सापडतो. बापानं हा गोठा कधी पाहिलेला नाही. इथे आली ती कृत्रिम रेतनाची कांडी.

(बिल्ल्याचा जवळचा शॉट. मग वही.)

वळू स्वतः दूध देत नाही. तो चांगला की वाईट, हे त्याच्या लेकींच्या दुधावरून ठरवावं लागतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला उभारलेल्या बायफ या संस्थेत वळूंची पारख अशीच लेकींच्या दुधावरून होत आली. पण एक लेक हिरव्या चाऱ्यावर आहे, दुसरी नुसत्या कडब्यावर. एक पहिलारू, दुसरी चौथ्या वेताची. एकीचा मालक दोन्ही वेळा आंबोण ठेवतो, दुसरीच्या गव्हाणीत उन्हाळ्यात काही नसतं. दुधातला वळूचा वाटा कुठला आणि गव्हाणीचा कुठला, हे निवडायचं कसं?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात चार्ल्स हेंडरसन यांनी १९५० च्या दशकात या प्रश्नाचं गणित बसवलं. गोठा, ऋतू, वेत यांचा हिशेब वेगळा काढायचा आणि जे उरेल त्यातून वळूचा अंदाज बांधायचा. ज्या वळूच्या लेकी थोड्या, त्याच्या आकड्यावर भरवसा कमी. म्हणून तो आकडा सरासरीकडे ओढून घ्यायचा. जगभरातल्या गोठ्यांनी हे गणित वापरलं आणि दूध वाढलं. या गणिताबद्दल आमची तक्रार नाही. ते गोठ्यातून शाळेत कसं गेलं, ते सांगायचं आहे.

(टेनेसी. टेकड्या, गवताची कुरणं, लाल कोठार. कॅमेरा चालत्या गाडीतून.)

टेनेसी राज्यातल्या अशाच एका दुग्धव्यवसायाच्या घरात विल्यम सँडर्स वाढले. पशुधनाची अनुवंशिकी आणि संख्याशास्त्र हा त्यांचा विषय. ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम केलं, मग नॉक्सव्हिलला टेनेसी विद्यापीठाच्या शेतकी विभागात आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याचे गव्हर्नर लमार अलेक्झांडर चांगल्या शिक्षकांना जादा पगार देऊ पाहत होते. चांगला शिक्षक मोजता येत नाही, असं शिक्षणखात्यातली माणसं म्हणत होती. सँडर्स म्हणाले, मोजता येतो.

(विद्यापीठाचं आवार. सायकलवरून जाणारी मुलं.)

त्यांच्या म्हणण्यात न्यायाची एक बाजू होती, आणि ती इथे नीट सांगितली पाहिजे. तोवर शाळा निकालावरून तोलल्या जात. सुखवस्तू वस्तीतली शाळा नेहमी वर, गरीब वस्तीतली नेहमी खाली, शिकवणारा कितीही राबो. सँडर्स म्हणाले, मूल कुठे पोचलं ते पाहू नका, कुठून निघालं आणि वर्षभरात किती चाललं ते पाहा. तिसरीचे गुण, चौथीचे गुण, मधली वाढ. वर्गातल्या सगळ्या मुलांची वाढ एकत्र करा, अपेक्षेपेक्षा किती जास्त-कमी ते काढा, आणि तो फरक शिक्षकाच्या नावावर लिहा. मुलाचे वडील काय करतात, घरी पुस्तकं आहेत का, हे सूत्र विचारत नाही. मुलाचे स्वतःचे मागचे गुण घेतले की त्यात सगळं आलं, असा दावा. आणि थोडी मुलं शिकवणाऱ्या शिक्षकाचा आकडा सरासरीकडे ओढलेला, थोड्या लेकींच्या वळूसारखाच.

१९९२ साली टेनेसीनं शिक्षण सुधारणा कायदा केला. शाळांसाठी अर्ध्या टक्क्याचा जादा विक्रीकर लागला आणि त्याच्या जोडीला सँडर्स यांची पद्धत आली. नाव टीव्हास. शिक्षकाचा आकडा तेव्हा त्याला आणि त्याच्या वरिष्ठांनाच कळे. २००० साली सँडर्स नॉर्थ कॅरोलायनातल्या सॅस या सॉफ्टवेअर कंपनीत गेले. तिथून हीच पद्धत ईव्हास या नावानं इतर राज्यांत विकली जाऊ लागली. सूत्र आता कंपनीच्या मालकीचं होतं.

(कागदावर हातानं काढलेली आकृती: एक वळू, शेकडो ठिपके. शेजारी एक शिक्षिका, पंचवीस ठिपके.)

इथे थोडं थांबू. एका वळूच्या लेकी शेकडो गोठ्यांत पसरलेल्या असतात. कुठली कांडी कुठल्या गावी जाईल, याचा त्या गाईच्या दुधाशी फारसा संबंध नसतो. शिक्षिकेकडे वर्षाला पंचवीस-तीस मुलं, तीही एकाच वस्तीतली, एकाच इमारतीतली. आणि मुलं वर्गात चिठ्ठ्या टाकून येत नाहीत. एखादा अवघड मुलगा हमखास त्याच बाईंकडे दिला जातो, कारण त्या त्याला सांभाळतात. कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा.

अर्थतज्ज्ञ जेसी रॉथस्टीन यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या आकडेवारीवर उलटा प्रश्न विचारला. पाचवीच्या शिक्षकाचा परिणाम मुलांच्या चौथीतल्या वाढीवर दिसतो का? दिसायला नको. ज्यानं अजून शिकवलंच नाही, तो मागच्या वर्षीचे गुण कसे वाढवेल? २०१० साली छापलेल्या त्यांच्या निबंधात उत्तर आलं: दिसतो. मुलं वर्गावर्गात कशी वाटली गेली, तेही शिक्षकाच्या नावावर चढत होतं.

दुसरी बाजूही भक्कम आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या अर्थतज्ज्ञांनी सुमारे २५ लाख मुलांचा माग काढला आणि ज्यांच्या शिक्षकांचे आकडे चांगले, ती मुलं मोठेपणी जास्त कमावतात असं दाखवलं. ते खोटं नाही. पण ती हजारो वर्गांची सरासरी आहे. एका बाईंना नोकरीवर ठेवायचं की नाही, हे ती सरासरी सांगत नाही.

(संग्रहातली चित्रं: राजधानी, पत्रकार परिषद, वर्तमानपत्रांचे गठ्ठे.)

२००९ मध्ये ओबामा सरकारनं राज्यांपुढे ४३५ कोटी डॉलरची स्पर्धा ठेवली. शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या गुणवाढीशी जोडणाऱ्या राज्यांचं पारडं जड. पहिल्या फेरीत जिंकलेल्या दोन राज्यांपैकी एक टेनेसी. तिथे शिक्षकाच्या मूल्यमापनात ३५ टक्के वाटा या आकड्याचा झाला. चित्रकलेच्या, संगीताच्या, पहिलीच्या शिक्षकांच्या विषयाची राज्य परीक्षाच नव्हती. त्यांना साऱ्या शाळेचा आकडा लावला.

न्यूयॉर्क शहरात २०१२ मध्ये सुमारे १८ हजार शिक्षकांचे आकडे नावांसकट जाहीर झाले. शंभरातलं स्थान सांगणाऱ्या त्या आकड्यात चुकीला वाव गणितात सरासरी ३५ स्थानांचा, इंग्रजीत ५३ स्थानांचा.

(ग्रेट नेक, लाँग आयलंड. शाळेसमोरचा रस्ता, पिवळी बस.)

इथल्या चौथीच्या शिक्षिका शेरी लेडरमन यांना एका वर्षी २० पैकी १४ मिळाले, पुढच्या वर्षी २० पैकी १. मुलांचे निकाल दोन्ही वर्षी जवळपास सारखेच. त्या न्यायालयात गेल्या आणि मे २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो आकडा मनमानी ठरवून रद्द केला.

(ह्यूस्टन. रस्क स्ट्रीटवरची संघीय न्यायालयाची इमारत. कॅमेरा फुटपाथवर.)

आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून ही इमारत आणि हा निकालाचा कागद. ह्यूस्टनमधल्या शिक्षकांची मागणी साधी होती: आमचा आकडा कसा आला, ते आम्हाला पडताळू द्या. तो शाळा जिल्ह्यालाही, म्हणजे शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेलाही, पडताळता येत नव्हता, कारण सूत्र सॅस कंपनीचं व्यापारी गुपित होतं. ४ मे २०१७ च्या निकालपत्रात एक गोष्ट आहे, ती आम्ही तिघांनी तीनतीनदा वाचली: एका शिक्षकाचा आकडा चुकला, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाचा आकडा बदलू शकतो. त्याच वर्षी तडजोड झाली. पडताळता न येणाऱ्या आकड्यावरून कुणाला काढणार नाही, असं जिल्ह्यानं मान्य केलं. तोवर अमेरिकेत या आकड्यांवरून नोकऱ्या गेल्या होत्या.

(बीड जिल्हा. जिल्हा परिषदेची शाळा. परिपाठ. निवेदन थोडं उशिरा.)

आपल्याकडे २०१७ साली शिक्षकांची वरिष्ठ आणि निवडश्रेणी, म्हणजे ठरावीक सेवेनंतरची वाढीव वेतनश्रेणी, शाळेच्या श्रेणीशी आणि निकालाच्या टक्केवारीशी बांधली होती. संघटना विरोधात उभ्या राहिल्या, ती अट नंतर काढली गेली. आता वर्षातून तीन चाचण्या होतात: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. त्या मुलांचा अध्ययनस्तर कळावा म्हणून आहेत, आणि तो कळायलाच हवा. गुण गुरुजी मोबाइलवरून विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक माहिती-केंद्राकडे, भरतात. एकाच मुलाचे एका वर्षातले तीन आकडे. टेनेसीला सूत्र लावायला असेच आकडे लागले होते.

(रिकामा बाक. दप्तर नाही. गुरुजी हजेरी घेतात. आवाज तसाच ठेवणे.)

या बाकावरची दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात गेली. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहिली, ही राहिली नाहीत. पायाभूत चाचणी त्यांनी इथे दिली. गळीत संपून पट्टा पडला की परततील, आणि संकलित दोनचा पेपर याच बाकावर, याच गुरुजींच्या समोर सोडवतील.

(मागच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता. पाढ्यांचा सूर. निवेदन नाही.)