पेशींनी धाडलेले कण आणि नव्या रक्तवाहिन्या

श्रोतेहो, नमस्कार.

पायाची रोहिणी तुंबली की पोटरीच्या स्नायूंना प्राणवायू कमी पडू लागतो. आधी चालताना पाय दुखतो, मग बसल्या जागीही वेदना थांबत नाहीत, आणि चिघळलेल्या जखमेपायी कधी पाय कापावा लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांना होणारा बर्जर रोग हे या दुखण्याचे फार क्लेशदायक रूप आहे.

प्राणवायू घटला की पेशीत एचआयएफ हे प्रथिन साठते, त्याच्या प्रेरणेने व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे प्रथिन तयार होते आणि जवळच्या केशवाहिन्यांना नवे धुमारे फुटतात. मधुमेहात आणि उतारवयात हा प्रतिसाद तोकडा पडतो, म्हणून मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून पाहण्यात आल्या. टोचलेल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा होत, तरीही रक्तपुरवठा सुधारलेला दिसे. हे कसे घडते, हा प्रश्न मला या विषयाचा गाभा वाटतो.

त्याच्या उत्तराचा मोठा भाग एक्झोसोममध्ये असावा. पेशी बाहेर सोडते ते हे आवरणबद्ध कण साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे असतात. 1983 मध्ये अपरिपक्व तांबड्या पेशींत ते प्रथम दिसले, आणि नको असलेला माल बाहेर टाकण्याची ती सोय आहे, असे पुष्कळ वर्षे मानले गेले. 2007 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्यांत आरएनए, म्हणजे जनुकांचे संदेश वाहणारे रेणू, असल्याचे दाखवले, आणि 2010 मध्ये सिंगापूरच्या गटाला उंदरांच्या हृदयविकारात मूलपेशींच्या नुसत्या एक्झोसोमनी मृत स्नायूचे क्षेत्र कमी झालेले आढळले. सीडी-34 पेशींच्या, म्हणजे पृष्ठभागावर सीडी-34 ही खूण असलेल्या मूलपेशींच्या, एक्झोसोममधला मायक्रो-आरएनए 126 हा आरएनएचा छोटा तुकडा रक्तवाहिनीच्या अस्तरपेशीत शिरून स्प्रेड-1 या रोधक प्रथिनाचे प्रमाण घटवतो, त्यामुळे व्हीईजीएफचा संदेश जोरकस होतो. रोहिणी बांधलेल्या उंदरांच्या पायात त्यामुळे रक्तप्रवाह वाढला.

मात्र शिरेतून दिलेले एक्झोसोम यकृत आणि प्लीहा लवकर गाळून घेतात, पेशी वाढवण्याची पद्धत बदलली की त्यांतला ऐवजही बदलतो, आणि रक्तवाहिन्या वाढवणारे हेच संदेश कर्कगाठीलाही पोसू शकतात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात एक्झोसोमची उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये जाहीर इशारा दिला. भारतात पायाच्या अशा गंभीर विकारासाठी 2020 मध्ये परवानगी मिळाली, ती अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूलपेशींना, एक्झोसोमना नव्हे; तेव्हा कोणी एक्झोसोमचे इंजेक्शन सुचवले, तर ती मान्य चाचणी आहे का, आणि तिला नैतिक समितीची संमती आहे का, हे आधी विचारावे.