पोटरी चालती राहू द्या

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. उंबऱ्याशी बसून विड्या वळणारे हात.)

मांडीवर सूप, सुपात तंबाखू. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पानावर पत्र्याचं माप ठेवायचं, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हजार विड्या होईपर्यंत बोटांना उसंत नाही. कमरेखालचं शरीर मात्र तासन्‌तास जागचं हलत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. घोट्यावर दाबलेला अंगठा, जवळून.)

अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहतो, मग सावकाश भरून येतो. पायात पाणी उतरलंय, असं घरात म्हणतात. हे पाणी येतं कुठून?

रक्त बारीक केशवाहिन्यांतून फिरताना त्यातला पातळ अंश पेशींभोवती झिरपत असतो. त्यातला बराचसा पुन्हा रक्तात शिरतो. उरलेला गोळा करायला शरीरात नळ्यांचं आणखी एक जाळं आहे. ती लसिका संस्था. दिवसाकाठी साधारण 2 ते 4 लिटर द्रव, म्हणजेच लसिका, ती उचलते आणि मानेच्या बुडाशी, मोठ्या शिरांमध्ये नेऊन सोडते. वाटेत जागोजागी ग्रंथी असतात. ठेच लागून अंगठा चिघळला की जांघेत अवधाण येतं ना? ती जंतू अडवायच्या कामाला लागलेली अशीच एक ग्रंथी.

आणि भाकरीबरोबर खाल्लेल्या शेंगाचटणीतलं तेल? तेही आतड्यातून बहुतांशी याच वाटेनं रक्तात पोचतं. इटलीतल्या गास्पारे अझेल्ली या वैद्यानं 1622 मध्ये, नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात या पांढऱ्या दुधाळ नळ्या पहिल्यांदा नीट पाहिल्या.

रक्त ढकलायला हृदय आहे, लसिकेला तसं काही नाही. नळ्यांच्या भिंती हलक्या आकसतात, आतल्या झडपा वर गेलेला द्रव खाली येऊ देत नाहीत. पण पावलापासून मानेपर्यंतचा चढ चढायला तिला पोटरीच्या स्नायूंचा दाब लागतो आणि खोल श्वासाची ओढ लागते. मांडी घालून बसलेल्या विडी कामगार बाईची पोटरी दिवसभर गप्प असते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागापुढे एकाच जागी उभा असलेला कामगारही याच अडचणीत असतो. आपल्या शहराचा संसार या दोन कामांवर उभा राहिला. म्हणून हा विषय सोलापुरात तरी घरोघरी बोलला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: सुपासमोर लांब केलेले पाय, पंजे पुढे-मागे होताना.)

उपाय करायला काम सोडावं लागत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं पाय लांब करा, पंजे आपल्याकडे ओढा, पुढे ढकला. घोटे फिरवा. मागापुढे उभे असाल तर टाचा उचला, टेकवा. अधूनमधून पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्या. माल द्यायला कारखान्यात जाताना जमेल तेवढं चाला. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, उष्णतेनं शिरा सैलावतात आणि पाय जास्त सुजतात. तेव्हा सिद्धेश्वर तलावाकाठचा फेरफटका ऊन चढायच्या आत उरकावा, तहानेकडे दुर्लक्ष करू नये, रात्री पायांखाली उशी घ्यावी.

लसिका धुऊन काढतो म्हणून विकला जाणारा चहा, काढा, पावडर यांवर पैसे घालवू नका. लसिका स्वच्छ करणारं पेय नाही. ते काम यकृत, मूत्रपिंडं आणि या ग्रंथी स्वतःच करतात.

(दृश्य: तुंबलेली गटार. मग एका घरामागचा संडासाचा पाइप, तोंडाला जाळी बांधलेला.)

आता हत्तीरोग. महाराष्ट्रात या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांमध्ये सोलापूर मोडतं. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो आणि रोगाचे कृमी शरीरात सोडतो. दोऱ्यासारखे हे कृमी लसिकेच्या नळ्यांतच वर्षानुवर्षं राहतात, नळ्या निकामी करतात. लागण बऱ्याचदा लहानपणी होते, पाय सुजतो कित्येक वर्षांनी. कृमींची पिल्लं रक्तात रात्रीच उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवून रक्ताचा थेंब मागतात. त्यांना परत पाठवू नका.

पाय आधीच सुजलेला असेल तर रोजचं धुणं हेच मोठं औषध. साधा साबण, स्वच्छ पाणी, हलका हात. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या करा, कारण ओल्या बेचकीतल्या भेगेतून जंतू आत शिरतात. मग थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढते. अनवाणी फिरू नका.

एकाच पायाची अचानक आलेली सूज, सुजेसोबत दम लागणं, आठवडे उलटूनही न बसणारी गाठ, किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जड होत चाललेला हात, यांपैकी काहीही असेल तर पोटऱ्या हलवत घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दोन्ही पाय रोज सुजत असतील तर हृदय आणि मूत्रपिंडंही तपासून घ्या.

(दृश्य: दारात आशाताई, हातात गोळ्या.)

आपल्या भागात मोहीम असेल तेव्हा आशाताई हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन येतात. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं सोडून बाकी सगळ्यांनी त्या घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. नंतर घेते म्हणून फडताळात ठेवलेली गोळी बहुधा तिथंच राहते. जेवण झालेलं असेल तर त्यांच्यासमोरच घ्या, आणि कामावर गेलेल्या माणसांसाठी त्या परत कधी येणार तेही विचारून ठेवा.