'ज्ञ' कसा लिहायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय डिजिटल ग्रंथालयाबद्दल. घरबसल्या आणि फुकट वाचता येणाऱ्या पुस्तकांबद्दल. पुन्हा सांगतो, घरबसल्या आणि फुकट. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ पासून सगळ्यांना खुलं आहे. शाळकरी मुलापासून पीएचडी करणाऱ्यापर्यंत कुणीही तिथं शोधावं. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंडसुद्धा आता मोबाईलवर वाचता येतात. आमच्या वाचनालयात त्यांना अख्खं कपाट लागायचं.

पण त्या वाचनालयातलीच एक गोष्ट सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होतो. एम.ए. करणारी एक मुलगी आली. तिला शेतीवरचं शंभरेक वर्षांपूर्वीचं पुस्तक हवं होतं, नावात 'ज्ञान' असलेलं. दाखल रजिस्टरात नोंद सापडली. कपाटात हात घातला, तर नुसता पुठ्ठा हाती आला आणि आतून माती सांडली. वाळवी! मुलीचा चेहरा बघवेना.

तेव्हा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या आधीच्या प्रकल्पानं लाखो जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली होती. मी शोधायला बसलो. पण नावांची नोंद रोमन लिपीत. डी-एन-वाय-ए-एन टाकलं, काही नाही. हिंदीवाले लिहितात तसं जी-वाय-ए-एन टाकलं, तरी नाही. दोन दिवस ती मुलगी सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं रिकाम्या हातानं परत जायची.

तर तिसऱ्या दिवशी आमचे शिपाई चहा घेऊन आले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मूळचे बेळगावकडचे, शाळा कानडीतून झालेली. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "साहेब, जे-एन घालून बघा की. आमच्याकडं 'ज्ञ' तसाच लिहितात."

जे-एन घातलं. आणि पुस्तक समोर!

पहिल्या पानावर कुठल्या तरी ग्रंथालयाचा जांभळा शिक्का. पुढं एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'आमच्या रानात हे जमले नाही.' मुलीनं छापील मजकुराआधी तो शेरा वहीत उतरवून घेतला. मामांनी तिच्यापुढं आपल्या वाटणीचा चहा ठेवला.

आता शोधायचं कसं, ते सांगतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे पानाचा फोटो. त्यातला मजकूर ओळखून घेतलेला नसेल, तर आतला शब्द शोधून सापडत नाही. म्हणून पुस्तकाचं नाव दोन-चार तऱ्हांनी लिहून बघा. लेखकाचं नाव, आडनावही बघा. दोन-चार तऱ्हांनी, विसरू नका. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं होऊन गेली असतील, तर बहुधा ते पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं असतं, ते मिळण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ती देवनागरीत शोधा.

आणि वाचनालयातल्या पुस्तकावर लिहायचंच झालं, तर पेन्सिलीनं लिहा. नमस्कार.