बॉम्बे स्ट्रीट, बेलफास्ट

[दृश्य : घराचं परस, वर पोलादी जाळी]

परस बघा. जेमतेम दोन खाटा मावतील एवढं. दोरीवर टॉवेल, कोपऱ्यात पोराचा प्लास्टिकचा चेंडू आणि या सगळ्यावर मांडवासारखी घातलेली पोलादी जाळी. जाळीच्या मागे उंच भिंत. भिंतीपलीकडून दगड-बाटल्या येत, म्हणून ओळीने सगळी घरं अशी झाकून घेतलीयेत. टॉवेलसुद्धा पिंजऱ्यातच वाळतोय.

आता गल्लीची पाटी वाचा. बॉम्बे स्ट्रीट.

हे उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट. कोपऱ्यावर काश्मीर रोड, जवळच कानपूर, लखनौ आणि बनारस स्ट्रीट. साम्राज्याचा नकाशा गिरणगावातल्या गल्ल्यांना चिकटवलेला. मुंबईहून आलेल्या माणसाला या पाटीखाली फोटो काढल्याशिवाय राहवत नाही. आम्हीही काढला.

[दृश्य : जळक्या घरांची जुनी छायाचित्रं]

१५ ऑगस्ट १९६९. आपल्याकडे झेंडावंदन झालं, त्याच दिवशी शँकिलच्या बाजूने आलेल्या जमावाने ही गल्ली पेटवली. जमाव प्रोटेस्टंट, ब्रिटनशी एकनिष्ठ; गल्ली कॅथलिक. आयआरए म्हणजे ब्रिटिश राजवट उखडून आयर्लंड एक करू पाहणारी सशस्त्र संघटना. तिच्या कुमार शाखेतला १५ वर्षांचा मुलगा इथे गोळी लागून गेला. ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं. आणि आयआरए? तिच्याकडे गल्ली राखायला धड बंदुकाही नव्हत्या. या नामुष्कीवरून आणि राजकारणावरून डिसेंबरात संघटना फुटली आणि पुढे जगाला जी ठाऊक झाली ती प्रोव्हिजनल आयआरए उभी राहिली. राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी तिने आपलं चिन्ह केला. राख या गल्लीची.

[दृश्य : पाऊस, टॅक्सीची काच, वायपर]

आता हॉलिवूडच्या आयआरएकडे. तिथे बंदूक उचलायला कारण एकच, सूड. चित्रपटांतली दृश्यं दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत, तेव्हा तोंडीच सांगतो.

१९९२, ‘पॅट्रियट गेम्स’. हॅरिसन फोर्ड लंडनमध्ये राजघराण्यातल्या माणसावरचा हल्ला उधळतो, त्यात हल्लेखोराचा धाकटा भाऊ मरतो. थोरला सूड घ्यायला थेट अमेरिकेत. १९९४, ‘ब्लोन अवे’. तुरुंगातून पळालेला बॉम्बवाला बॉस्टनला येतो, कारण जुन्या साथीदाराने दगा दिलेला. १९९७, ‘द डेव्हिल्स ओन’. आठ वर्षांच्या पोरासमोर, जेवणाच्या टेबलावर, बापाला गोळ्या घालतात. पोर मोठं होऊन ब्रॅड पिट होतं आणि न्यूयॉर्कला क्षेपणास्त्रं घ्यायला येतं.

भाऊ, मित्र, बाप. हिंदी पडद्यावर सत्तरच्या दशकात आपण हेच बघत होतो, फक्त तिथे शेवटी आई भेटायची. पिटने तर चित्रपट लागायच्या आधीच मुलाखतीत त्याचे जाहीर वाभाडे काढले होते. संहिता धड नसताना चित्रीकरण सुरू केलं, ही त्याची तक्रार.

सूड खोटा असतो असं आमचं म्हणणं नाही. बापाचं प्रेत बघून बंदूक उचलणारे इथेही होतेच. पण सूड म्हटलं की दोन माणसं पुरतात. एक मेला की गोष्ट मिटली, प्रेक्षक घरी. पालिका लागत नाही, मतदारयादी लागत नाही, घरवाटप लागत नाही.

[दृश्य : कॅलेडन गाव, सरकारी घरांची रांग]

घरवाटप. हे टायरोन परगण्यातलं कॅलेडन. म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेल्यांना इथली गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. जून १९६८मध्ये इथलं एक सरकारी घर एका १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं. मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं यादीत ताटकळत होती. आमदार ऑस्टिन करी दोघांना घेऊन घरात घुसले आणि ठाण मांडून बसले. पोलिसांनी काही तासांत बाहेर काढलं. तोवर बातमी झाली होती.

एवढं एका घरासाठी? कारण घर म्हणजे मत. इथल्या पालिकांच्या निवडणुकीत मत असायचं घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला. आईबापांकडे राहणाऱ्या सज्ञान पोरांना नाही, पोटभाडेकरूला नाही. कंपनीच्या मालकाला मात्र जादा मतं, सहापर्यंत. म्हणजे कॅथलिकाला घर दिलं की कॅथलिक मतं वाढली. आणि घर देणार कोण? पालिकाच.

डेरीत या हिशेबाचं टोक दिसतं. (प्रोटेस्टंट मंडळी लंडनडेरी म्हणतात. इथे गावाचं नाव घेतलं की माणसाची जात कळते.) शहरात कॅथलिक बहुसंख्य, पण वॉर्डांच्या रेषा अशा आखलेल्या की पालिकेत युनियनिस्ट (ब्रिटनबरोबर राहू पाहणारे) बारा आणि नॅशनलिस्ट (आयर्लंडशी एक होऊ पाहणारे) आठ. ऑक्टोबर १९६८मध्ये डेरीत मोर्चा निघाला तो एका माणसाला एक मत मिळावं म्हणून. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ते चित्रण जगभर गेलं. पुढचं भराभर : बॉम्बे स्ट्रीट, १९७१ची विनाचौकशी धरपकड, १९७२च्या जानेवारीत डेरीत सैन्याच्या गोळीबारात त्याच दिवशी मेलेले तेरा निःशस्त्र लोक.

[दृश्य : फॉल्स रोड, काळी टॅक्सी आतून]

ही टॅक्सी सहज घेतलेली नाही. दंगलींत बसगाड्या जळू लागल्या, बससेवा वारंवार बंद पडायला लागली, तेव्हा लंडनहून जुन्या काळ्या टॅक्सी आणून फॉल्स रोडवर शेअर पद्धतीने चालवल्या. अगदी आपली शेअर रिक्षा : पाचजण कोंबायचे, उतरायचं असेल तिथे काच ठोकायची. रिपब्लिकन चळवळीचा, म्हणजे आयआरए आणि तिच्या पाठिराख्यांचा, रोजचा व्यवहार हा असा. टॅक्सी, घरोघर विकायचं साप्ताहिक, कैद्यांच्या घरच्यांसाठी वर्गणी, आणि बैठका. बैठकांना अंत नाही. वर आयआरएची सातजणांची आर्मी कौन्सिल, बाजूला चळवळीचा राजकीय पक्ष शिन फेन, त्याची वार्षिक परिषद, ठराव, दुरुस्त्या.

हॉलिवूडमध्ये फुटीर गट म्हणजे मूळ गटाहून जास्त डोकं फिरलेला. आयरिश वंशाच्या अमेरिकन प्रेक्षकाला दुखवायचं नसेल तर हा तोडगा बराच. खलनायक आयआरएलाही नकोसा असतो. प्रत्यक्षात १९७०मध्ये आणि पुन्हा १९८६मध्ये शिन फेन फुटला तो मुख्यतः या वादावर, की डब्लिनच्या संसदेत निवडून आलो तर बसायचं की नाही. फुटीचं आणि कोणता गट खरा याचं महाराष्ट्राला काय सांगायचं!

आणि ज्यांनी बॉम्बे स्ट्रीट जाळली त्या बाजूच्या सशस्त्र संघटना? यूव्हीएफ, यूडीए. त्या काळातले सुमारे एक हजार खून या ब्रिटननिष्ठ, म्हणजे लॉयलिस्ट, बाजूने केलेले. वरच्या तीन चित्रपटांत त्यांना कुणी शोधत बसू नये.

[दृश्य : बॉबी सँड्सचं भित्तिचित्र, रंगाचे पोपडे]

हा हसरा चेहरा आयआरएचा कैदी बॉबी सँड्सचा. मागणी काय, तर आम्ही राजकीय कैदी आहोत, आम्हाला स्वतःचे कपडे घालू द्या. १९८१मध्ये उपोषण चालू असताना तो तीस हजारांवर मतांनी ब्रिटिश संसदेत निवडून गेला आणि ६६व्या दिवशी मेला. त्याच्यामागून आणखी नऊ.

चित्रपट सोडा, बातम्यांचीही गंमत बघा. ऑक्टोबर १९८८पासून सप्टेंबर १९९४पर्यंत ब्रिटिश टीव्हीवर शिन फेनच्या पुढाऱ्यांचा आवाज ऐकवायला बंदी होती. चेहरा चालेल, आवाज नाही. मग जेरी अॅडम्सचे ओठ हलायचे आणि आवाज नटाचा. तिकडे अमेरिकन नट आयरिश हेल काढायला शिकतायत, इकडे खऱ्या आयरिश माणसाला डबिंग.

[दृश्य : क्लोनार्ड मठ, मेणबत्त्या]

बॉम्बे स्ट्रीटवरून मान वर केली की हा मठ दिसतो. इथल्या फादर अॅलेक रीड यांनी अॅडम्स आणि हिंसेविरुद्ध असलेले नॅशनलिस्ट नेते जॉन ह्यूम यांच्यात गुपचूप निरोप पोचवले. १९ मार्च १९८८ला एका अंत्ययात्रेत गाडी घुसली म्हणून दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून काढलं, आयआरएने गोळ्या घातल्या. मोकळ्या जागेत पडलेल्या सैनिकाशेजारी गुडघे टेकून बसलेला पाद्री, तो फोटो जगभर छापून आला. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की रीड यांच्याजवळ तेव्हा एक लिफाफा होता. शिन फेनने ह्यूमना पाठवलेला कागद. लिफाफ्याला रक्त लागलं. त्यांनी लिफाफा बदलला आणि कागद पोचता केला.

याचा थ्रिलर कसा करायचा? पाठलाग नाही. एक पाद्री, एक लिफाफा आणि पुढे दहा वर्षांची बोलणी.

[दृश्य : स्मारकावरची नावं, कॅमेरा सावकाश सरकतो]

या तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार मेले, त्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक आणि सर्वाधिक मारले ते रिपब्लिकनांनी. १० एप्रिल १९९८ला शांतता करार झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला कराराविरुद्ध फुटलेल्या गटाने ओमा गावात बॉम्ब फोडला, २९ मेले. ओमाला आम्ही गेलो नाही. दिवस संपत आले होते.

[दृश्य : लॅनार्क वे, संध्याकाळ]

हे दोन वस्त्यांमधल्या भिंतीतलं फाटक. दिवसा उघडं, रात्री बंद. कॅथलिक बाजूने निघालेली गाडी आत्ता प्रोटेस्टंट बाजूला गेली. मागून शाळेच्या कपड्यातली दोन पोरं, चिप्सचं पुडकं वाटून खात. फाटक अजून उघडं आहे.

[आवाज : पाऊस. निवेदन इथे थांबेल.]