गव्हाच्या बुंध्याशी

(दृश्य: निफाड तालुका, सकाळचं धुकं, गव्हाच्या कोवळ्या ओळी)

गोदावरी आणि कादवेच्या काठची ही काळी जमीन. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या गव्हाच्या वाणांची नावंही इथल्या मातीतली: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. तांबेऱ्याला तोंड देतील असेच वाण इथे निवडले गेले. पण तांबेरा पानावर दिसतो. मूळकूज मातीत असते, आणि ती दिसते तेव्हा रोप गेलेलं असतं.

(दृश्य: जवळून, पिवळं रोप उपटणारा हात)

पेरणीला तीन आठवडे झालेत. हिरव्या ओळीत हे एक रोप पिवळं पडलंय. नुसतं धरलं आणि हातात आलं. मुळं तपकिरी, बुंध्याला कापसासारखी पांढरी बुरशी, आणि त्या बुरशीत हे दाणे, अगदी मोहरीसारखे. नखावरचा हा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. ही स्क्लेरोशियम रोल्फसी या बुरशीची गाठ आहे. आधी पांढरी, मग तांबूस, पिकली की तपकिरी. शेतात पीक नसलं तरी ती मातीत वर्षानुवर्षं तग धरते.

रोप उपटून बघितल्याशिवाय औषधाच्या दुकानाची पायरी चढू नका. खोडकिडा असेल तर मधला पोंगा तेवढा वाळतो आणि ओढला की पोंगाच निघतो. मुळं शाबूत असतात. वाळवी असेल तर मुळं कुरतडलेली आणि मातीने लिंपलेली दिसतात. दोन्हीकडे बुरशीनाशक ओतणं म्हणजे पैसा मातीत.

(दृश्य: सोयाबीनची धसकटं, रोटाव्हेटर, मग पलटी नांगर)

हीच बुरशी सोयाबीनवर येते, टोमॅटोवर येते, भुईमुगावर येते. सोयाबीन निघालं की दोन-तीन आठवड्यांत गहू पडतो आणि अर्धवट कुजलेली धसकटं तिला आयतं खाद्य मिळतात. रोटाव्हेटर ती वरच्या थरातच कालवतो. या बुरशीला हवा लागते, म्हणून वरचा थर हेच तिचं घर. पलटी नांगराने 20 सेंटीमीटर खाली गाडलेल्या गाठी सहसा उगवून वर येत नाहीत. नंतर मात्र कुळवणी उथळच ठेवायची, नाहीतर गाडलेलं पुन्हा वर येतं.

(दृश्य: सावलीतला शेणखताचा ढीग, ओलं गोणपाट)

आता खरं काम. 100 किलो चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात 1 किलो ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी. ओलावा किती, तर मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. वर ओलं गोणपाट. दर तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करायचा. दोन आठवड्यांत हा हिरवट थर दिसू लागतो. ते ट्रायकोडर्माचे बीजाणू. ही मित्रबुरशी रोगाच्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालते आणि त्यांची भिंत विरघळवते. शेण कच्चं असेल तर ढीग तापतो आणि ट्रायकोडर्मा मरतो. पुडा उन्हात पडलेला किंवा मुदत संपलेला असेल तर ढीग हिरवा होतच नाही. हे खत शेवटच्या कुळवणीआधी, वाफशावर, संध्याकाळी पसरायचं.

(दृश्य: बियाणं, ताडपत्री, चोळणारे हात)

एकरी 40 किलो बियाणं. त्याला 200 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे किलोला 5 ग्रॅम. गुळाचं पाणी गार करून शिंपडा. दाणा ओलसर व्हावा, भिजू नये. अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत 10 किलोला प्रत्येकी 250 ग्रॅम. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं. ज्या शेतात मागच्या वर्षी मर जास्त होती, तिथे कार्बोक्सिन आणि थायरम या बुरशीनाशकांचं मिश्रण किलोला 3 ग्रॅम चोळा आणि ट्रायकोडर्मा फक्त शेणखतातून द्या. सवयीने कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: स्क्लेरोशियमवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, ट्रायकोडर्मा मात्र मरतो.

(दृश्य: पाभर, ओळीत पडणारं बी)

पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. ऑक्टोबरची तापलेली माती या बुरशीला मानवते. निफाडची थंडी तिला आवरते. खोली पाच-सहा सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं, म्हणजे बुंध्याजवळची मुळं, फुटताना. वाफ्यात पाणी तुंबू द्यायचं नाही.

(दृश्य: ओळीतल्या नांग्या)

गव्हात नांग्या, म्हणजे रोपं गेल्याने ओळीत पडलेल्या मोकळ्या जागा, भरता येत नाहीत. तेवढा उतारा गेला तो गेला.

(दृश्य: पिशवीत टाकलेली रोपं, दारं धरणारा माणूस)

उपटलेलं रोप बांधावर फेकायचं नाही. बुंध्याच्या मातीसकट थेट पिशवीत, आणि शेताबाहेर नेऊन जाळायचं. बांधावर गळलेल्या गाठी पाटाच्या पाण्याबरोबर पुढच्या वाफ्यात जातात. म्हणून पाणी सोडण्याआधी ही ओळ आज पूर्ण वेचून घेतली आहे.