बेशरमलापण जगायचा हक्क आहे का?

(नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी, सकाळचं ऊन. सतरंज्या अंथरतायत.)

फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे नागपुरात उघड्यावर बसून डोकं चालवायचं तर सकाळ हीच काय ती वेळ, अकरानंतर ऊन कोणाचं ऐकत नाही. तत्त्वज्ञान शिकवणारी मंडळी, एमए-पीएचडीची पोरंपोरी आणि भंडाऱ्याकडून आलेल्या, मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या काही बाया, सगळे तलावाच्या काठाला एकाच सतरंजीवर. विषय पर्यावरणाचं तत्त्वज्ञान. पीपीटी नाही, दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुण्यांची वाट बघणं नाही. वाचायचे पेपर उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपापला दगड शोधून आणलाय, हे बघा.

(कागदावर दगड. कागदावरून चालणारा मुंगळा, पेपर वाचणारे सर त्याला जाऊ देतात आणि मग पुढे वाचतात.)

सुरुवात नॉर्वेपासून झाली. आर्ने नेस या तत्त्वज्ञाने 1973 मधे एका छोट्याशा लेखात पर्यावरण चळवळीचे दोन भाग केले, उथळ आणि खोल. प्रदूषण कमी करा, साधनं जपून वापरा, कारण शेवटी आपलीच तब्येत आणि आपलाच पैसा, ही झाली उथळ. आणि माणसाच्या कामाचा असो नसो, प्रत्येक जिवाला जगायचा-फुलायचा सारखा हक्क आहे, ही खोल. "तत्त्वतः" सारखा हेही त्याने घालून ठेवलं, कारण जगायचं म्हटलं की काहीतरी मारून खाणं आलंच. मग इतिहासकार रामचंद्र गुहांचा 1989 चा आक्षेप आला, की अमेरिकेतला हा माणसाशिवायच्या जंगलाचा आग्रह इथे आणला तर त्याची किंमत जंगलावर जगणारा गरीब मोजतो. नदीला कायद्याने व्यक्ती मानायची का, यावरही बोलणं झालं, 2017 मधे न्यूझीलंडने वांगानुई नदीला तसं मानलं, त्याच वर्षी आपल्याकडे उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला मानलं आणि सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. आपल्या नागपुरातल्या घाण झालेल्या नाग नदीने वकील केला तर पहिली नोटीस कोणाला जाईल, यावर जो हशा पिकला तो ऐकू येतोच आहे.

(बेशरमची फुलं, जवळून.)

ही फिक्या जांभळ्या रंगाची फुलं बेशरमची, तलावात माजणाऱ्या झुडपाची. मूळची अमेरिका खंडातली, बकरी सहसा तोंड लावत नाही, आणि तोडून फेकली तरी ओल मिळाली की तुकडा परत मूळ धरतो. भंडाऱ्याकडून आलेल्या बायांमधल्या एका मावशींना एका पोरीने विचारलं, मावशी, नेसच्या हिशोबाने बेशरमलापण जगायचा हक्क आहे, मग तुम्ही ती तलावातून उपटता ते चूक नाही का? दोन प्रोफेसरांनी उत्तरासाठी हात वर केला होता, पण मावशी उठल्या होत्या.

(निवेदन थांबेल. मावशी पदर खोचून झुडपाशी जातात, खोड धरतात, बुडाशी माती मोकळी करतात.)

"पोरी, बेशरम जगते न, आमी कुठं नाई म्हनतो. पन ते एकटीच जगते, बाकीच्यायले जगूच देत नाई."

आता ही पद्धत नीट बघा. वरून कापून काहीच होत नाही, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुदळीने बुडापासून काढायची, एक कांडी गाळात राहिली तरी पावसाळ्यात परत हजर. सगळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणून वाळवायची. मग तलावाचं सुकलेलं पोट नांगरायचं, आणि पहिल्या पावसानंतर देवधान (रानटी भात), कमळ आणि पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती लावायच्या. हो, तलावात लावणी, धानाची असते तशीच. कारण इथल्या गावरान माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला ही झाडी लागते. मधे उत्पादन वाढवायला गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला गेला, तो तीच झाडी खातो.

भंडाऱ्याकडचे हे तलाव म्हणजे मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनदार), गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणलेले. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात तो यांच्यामुळे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळ-पाट बघणारं गावातलं कोणी उरलं नाही. "खोल" म्हणायचंच तर मला तरी ते मावशींच्या त्या एका वाक्यात जास्त दिसलं, पेपर वाचायला आलेल्यांनी राग मानू नये.

(रिकामे कप, तर्री-पोह्याच्या प्लेटा, मागे पाणी.)

याच अंबाझरीचं पाणी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे वस्त्यांमधे शिरलं, माणसं गेली, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

दुपारचं सत्र हॉलमधे झालं, ते या व्हिडिओत नाही. पुढची बैठक जूनमधे, भंडाऱ्याकडे, मावशींच्या तलावावर. निमंत्रण त्यांनीच माइक हातात घेऊन दिलंय, बूट घालून येऊ नका, गाळात उतरा लागन, आणि ज्याले लावणी येत नाई त्यानं पेपर घरीच ठेवावा.